पंख मोजते कोण?

१

सकाळचे दहा वाजले की नूपुर मागच्या अंगणात प्लास्टिकचा स्टूल टाकून मातीच्या भिंतीसमोर बसायची. डोक्याला आत्याचा सुती दुपट्टा गुंडाळलेला, मांडीवर वही, हाताशी जाळी. नागपूरच्या सक्करदऱ्यातलं एप्रिलचं ऊन अकराच्या पुढे डोळे उघडू देत नाही, पण तिला हव्या असलेल्या माश्या नेमक्या त्याच वेळी यायच्या. एक वाजला की त्या जायच्या आणि मग नूपुरही उठायची.

भिंत जुन्या गोठ्याची होती. आतोबांनी सिमेंटचं घर बांधलं तेव्हा गोठा पाडला, ही एक भिंत मात्र आज पाडू, उद्या पाडू म्हणत राहून गेली. पुढे आतोबा गेले. आता भिंतीवर पेन्सिल जाईल एवढी शेकडो भोकं होती आणि त्या भोकांमध्ये एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची बिऱ्हाडं होती. यांचं पोळं नसतं. प्रत्येक मादी आपलं भोक आपणच कोरते, आत परागाचा लाडू वळून ठेवते, त्यावर एक अंडं घालते, दार मातीनं लिंपते आणि निघून जाते. पिल्लाचं तोंड ती कधी बघत नाही.

नूपुर या मधमाश्यांसाठी आलेली नव्हती. मधमाशीचं सोंग घेऊन त्याच भिंतीसमोर तरंगणाऱ्या एका माशीसाठी ती जर्मनी सोडून आली होती. ही माशीही तशीच गुबगुबीत, तशीच सोनेरी लव अंगावर, गुणगुणही तशीच. फक्त तोंडासमोर सुईसारखी लांब सोंड. ती हवेत जागच्या जागी उभी राहते, बसली तरी पंख मिटत नाही, अंगापासून दूर धरून ठेवते. भोकात ती पाऊल टाकत नाही. दारासमोर तरंगते, पोटाचं टोक झटकते आणि अंडं बाहेरूनच आत फेकते.

"काहून वं, गोऱ्यांच्या देशात माश्या नव्हत्या काय?" यमुताई स्वयंपाकघराच्या जाळीतून विचारायची.

"होत्या ना, आत्या. पण त्यांची नावं ठेवून झाली आहेत. आपलीला अजून नाव नाही."

"मग ठेव एखादं आणि आत ये. चक्कर येऊन पडशील तं मी कोणाकोणाले पाहू?"

नूपुर हसायची. आपल्या अंगणातल्या माशीचं नाव आपण परक्या संग्रहालयाला विचारायला जायचं, याची तिला खरोखर लाज वाटे. सहा वर्षं तिकडे शिकून, चांगली नोकरी नाकारून, ती इथल्या एका कॉलेजच्या तुटपुंज्या मानधनावर आली होती. एखाद्या जिवाला नीट पाहावं, जे दिसेल ते खरं लिहावं आणि मग नाव द्यावं, यापेक्षा मोठं देशकार्य तिला सुचत नव्हतं.

कोणाकोणाले, असं यमुताई म्हणायची ते ऋषिकेशमुळे.

२

ऋषिकेश तिचा एकुलता एक मुलगा, नूपुरचा आतेभाऊ. नूपुरनं आयुष्यातला पहिला किडा काडेपेटीत धरला तेव्हा काडेपेटी ऋषिकेशनं पकडली होती. सहा वर्षांपूर्वी विमानतळावर सोडायलाही तोच आला होता. गेल्या दिवाळीत त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. त्यानं जेवण टाकलं. अठ्ठेचाळीस किलोवर आला. आत्यानं फोनवर रडत सांगितलं होतं, "तू बोल गं त्याच्याशी, तुझं ऐकते तो." नूपुर उद्या करते म्हणाली होती आणि तिचा उद्या तीन महिन्यांनी उजाडला होता.

आता तो घरूनच एका अमेरिकन कंपनीचं काम करायचा. रात्रभर काम, दिवसभर झोप. त्याची खोली मागच्या अंगणात उघडणारी, खिडकीत कूलर, दार बंद. नूपुरला येऊन बारा दिवस झाले तरी तिनं त्याला पाहिलेलं नव्हतं. मोबाइलवर उत्तरं यायची. "झोपतो आहे." "उद्या भेटू." नागपुरात अर्ध्या घरांमध्ये असा एखादा मुलगा असतोच, त्यामुळे त्यात वावगं काही वाटलं नाही.

पहिल्याच आठवड्यात तिनं भिंतीतून मातीची सहा ढेकळं कापून बरण्यांत ठेवली होती, तोंडाला मलमल बांधून. माशी कुणाच्या जिवावर वाढते ते सिद्ध करायचं तर बंद भोकातून काय निघतं ते डोळ्यांनी पाहावं लागतं. पण बरण्या थंड जागी हव्या होत्या.

"ऋषीच्या खोलीत ठेव," यमुताई म्हणाली. "तिथला कूलर कधी बंदच होत नाही."

नूपुरनं मोबाइलवर विचारलं. "ठेव," असं उत्तर आलं. यमुताईनं दार वीतभर उघडून एकेक बरणी आत सरकवली. आतून कुणीतरी ती ओढून घेतली.

३

कॉलेजच्या संग्रहात रुपराव होते. प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागले, निवृत्त झाले, तरी रोज यायचे. टाचणीवर किडा लावायचा त्यांचा हात असा की पायाचा केसही मोडायचा नाही. नूपुरनं पकडलेल्या माश्या पाहून त्यांनी मधमाश्यांचं कपाट उघडलं, खालचा ट्रे काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

ट्रेमध्ये चाळीस वर्षांपूर्वीच्या मधमाश्या ओळीनं टोचलेल्या होत्या. शेवटच्या पाच मात्र मधमाश्या नव्हत्याच.

"ह्या तर माझ्याच माश्या!" नूपुर उभीच राहिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, सक्करदरा.

"तेच तं सांगून राहिलो, ताई. मोठ्या सरांनी मधमाशी म्हणलं, मीही मधमाशीत लावून देल्ली. चाळीस वर्षं झाले. किती पोरं आली, पीएचड्या करून गेली, हा ट्रे पाहून गेली."

"आणि एकाच्याही लक्षात आलं नाही?"

"चार पंख असन तं मधमाशी, दोन असन तं माशी. पोट्टं बी सांगन." रुपराव हसले. "पण मधमाशीच्या घरात मधमाशीसारखं दिसते म्हणल्यावर, पंख मोजते कोण?"

नूपुरला त्या दिवशी फार उत्साह आला. घरी येऊन ती यमुताईला जेवता जेवता सगळं सांगत बसली. माशीची अळी भोकात शिरते आणि लगेच काही करत नाही. आईनं ठेवलेला लाडू मधमाशीचं पिल्लू पोटभर खातं, गुबगुबीत होतं. अळी तोवर बाजूला पडून वाट बघते. मग पिल्लाला चिकटते आणि शोषून घेते. कातडं तेवढं उरतं, कागदासारखं. आणि वसंतात त्याच दारातून ती बाहेर पडते. रंग तोच, लव तीच.

"जेवताना काय हे," यमुताई म्हणाली. मग परातीतल्या पोळ्या मोजून तिनं एका मोठ्या ताटात ठेवल्या. अकरा होत्या.

"एवढ्या कुणाला?"

"ऋषीले. खाऊन राहिला बापा आता." तिचा चेहरा उजळला होता. "महिन्याभरापासून. पहिले दोन पोळ्या खायचा नाही. आता ताट कसं चाटूनपुसून परत येते, पाहशील तू."

४

तेराव्या दिवशी एक माशी भिंत सोडून ऋषिकेशच्या दाराशी गेली.

दारातलं जुनं कुलूप काढलेलं होतं, त्याचं गोल भोक तसंच राहिलं होतं. माशी त्या भोकासमोर तरंगली. पोटाचं टोक झटकलं. नूपुरला गंमत वाटली. या माश्यांना अंधारं भोक दिसलं की पुरे, नळीच्या तोंडातही अंडी टाकतात बिचाऱ्या. तिनं वहीत लिहिलं: दार, एकदा, चूक.

दुसऱ्या दिवशी नऊ वेळा. त्याच्या पुढच्या दिवशी ती मोजायचं विसरली, कारण भिंतीसमोर एकही माशी नव्हती. मधमाश्या आपल्या येत जात होत्या, त्यांची भोकं उघडी होती. आणि सगळ्या माश्या बंद दारासमोर, माणसाच्या छातीच्या उंचीवर, उन्हात सोनेरी धुळीसारख्या स्थिर होत्या.

नूपुर जाळी घेऊन जवळ गेली. कूलरमुळे आत थंडावा असेल, वाळ्याचा वास येत असेल. तिनं ही दोन्ही कारणं वहीत लिहिली. मग तिला आठवलं की तिनं स्वतःच आठवड्यापूर्वी लिहिलं होतं: चुकतात, पण एकाच जागी पुन्हा पुन्हा चुकत नाहीत.

तिनं दारावर टकटक केली. "ऋषी? जागा आहेस?"

"हं," आतून आवाज आला.

"बाहेर ये ना जरा. गंमत दाखवते."

"अजून नाही."

आवाज त्याचाच होता. फक्त दाराच्या अगदी मागून आला होता. तो झोपलेला नव्हता, दाराला लागून उभा होता.

५

त्याच दुपारी वीज गेली. उन्हाळ्यात सक्करदऱ्यात जाते तशी, न सांगता. पंखा थांबला, फ्रिज थांबला, गल्लीतले सगळे कूलर एकामागून एक घरघरत गप्प झाले. शेजारच्या वंदनाताईंच्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू आली. इतकी शांतता.

त्या शांततेत ऋषिकेशच्या खोलीतली गुणगुण चालू होती.

नूपुर खोलीबाहेर उभी राहून ऐकत राहिली. इन्व्हर्टर असेल. ती समोरच्या खोलीत गेली. इन्व्हर्टरची जागा रिकामी होती, फरशीवर बॅटरीचा चौकोनी डाग.

"तो तं होळीच्या आधीच दुरुस्तीले नेला," यमुताई म्हणाली.

"मग ऋषीचा कूलर कसा चालतोय?"

यमुताई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "त्याची काहीतरी सोय असन. इंजिनिअर आहे तो."

नूपुर मागच्या अंगणात आली. खिडकीतल्या कूलरच्या जाळीला हात लावला. वाळा कोरडा होता. कधीचा कोरडा होता कोण जाणे, बोटानं दाबला तर चुरा पडला. आतला पंखा स्थिर होता, त्याच्या पात्यावर कोळ्यानं जाळं विणलेलं होतं. जाळीपलीकडे अंधार. आणि त्या अंधारात एकाच सुरात, न थांबता, तिला पाठ असलेला तो आवाज. फक्त फार खालच्या पट्टीत. पंख जेवढा मोठा तेवढा सूर खाली जातो, हे तिनंच गेल्या वर्षी विद्यार्थ्यांना शिकवलं होतं.

ती मागे सरली. ऊन डोक्यात चढलं आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. वहीत काही लिहिलं नाही. न लिहिण्याची ही तिची पहिलीच वेळ.

६

दुसऱ्या दिवशी रिकाम्या ताटाबरोबर आतून एक बरणी बाहेर आली. मलमलीची गाठ शाबूत. आत ढेकळाबाहेर निघालेली, अजून ओलसर, पंख वाळवत बसलेली एक माशी. ढेकूळ फोडल्यावर बंद घरात मधमाशीच्या पिल्लाचं कातडं मिळालं, फुंकरीनं उडेल असं.

पुरावा! नूपुरच्या डोळ्यांत पाणीच आलं. कालची दुपार तिला एकदम हास्यास्पद वाटली. तिनं रुपरावांना फोन लावला.

"सापडलं, रुपराव! कुणावर वाढते ते डोळ्यांनी पाहिलं."

"मंग लिहून टाका न, ताई. कोणावर वाढते, तो एकच रकाना तं रिकामा होता. नाव काय ठेवता?"

"नागपुरी."

"भारी!" ते खूश झाले. मग म्हणाले, "पण पक्कं पाहून लिहा बरं. आपल्या मांगं कोणी पाहत नाही. एकदा लिहलं का तेच चाळीस वर्षं चालते."

तिनं रात्री लेख पूर्ण केला. शेवटच्या रकान्यात लिहिलं: ही माशी फक्त मातीच्या भिंतीतल्या एकट्या मधमाशीवर वाढते. सकाळी पुन्हा एकदा वाचून पाठवायचं असं ठरवून ती झोपली.

७

सकाळी अकराला ती स्टूल घेऊन बाहेर आली, तेव्हा दारासमोर एकही माशी नव्हती. भिंतीसमोरही नव्हती. अंगण रिकामं होतं.

मग दार उघडलं.

"आई," ऋषिकेश म्हणाला, "भूक लागली."

यमुताई हातातलं पातेलं तसंच टाकून धावली. तिनं दोन्ही हात त्याच्या तोंडावरून फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "आला माझा बाळ! पाहा वं नूपुर, कसा भरला आहे!"

खरंच भरला होता. गाल वर आलेले, कातडीवर तेज. पाठीमागच्या अंधारामुळे उन्हात त्याच्या कानांवरची, हातांवरची लव सोन्यासारखी दिसत होती. तो नूपुरकडे पाहून हसला. हसणं तेच, डावीकडे झुकलेलं.

"किती वर्षांनी, नूपुर."

"सहा," ती म्हणाली.

तो दारात उभा होता. हात अंगाला लागलेले नव्हते. ओले कपडे वाळत घालावेत तसे, थोडे मागे, थोडे बाहेर.

ओळख पटवायची नूपुरची रीत ठरलेली होती. एकंदर रूप पाहायचं नाही, रूपच फसवतं. एक खूण धरायची आणि तेवढीच पाहायची. ऋषिकेश दहा वर्षांचा असताना त्याच्या उजव्या हाताचा अंगठा सायकलच्या चेनमध्ये आला होता. नख उभं चिरलं, ते पुन्हा कधी सरळ वाढलं नाही. त्या दिवशी सायकल नूपुर फिरवत होती.

तिनं अंगठा पाहिला. नख गुळगुळीत होतं, अखंड, गुलाबी.

तो बाजूला सरकून बाहेर आला तेवढ्यात मोकळ्या दारातून वारा आत गेला. आत पलंग होता. पलंगावर ऋषिकेशचा निळा टीशर्ट पडलेला होता, बाह्या पसरून, आणि त्या बाह्यांमध्ये काहीतरी होतं. वाऱ्यानं ते हललं. पतंगाचा कागद सरकावा तसा कोरडा, हलका आवाज झाला आणि बाहीच्या टोकाशी काहीतरी फिकट, पाच बोटांचं, जागच्या जागी उलटं झालं.

यमुताईनं हात लांबवून दार ओढून घेतलं. कडी लावली.

"चल, जेवायले बसू," ती म्हणाली.

८

गोळाभात होता, कढी होती, कैरीचं पन्हं होतं. एवढा सरंजाम तासाभरात होत नाही. यमुताई पहाटेच उठली असणार.

नूपुर टेबलाशी बसली. यमुताई बसली. ऋषिकेशसाठी खुर्ची ओढलेली होती, पण तो खुर्चीमागेच उभा राहिला.

"बस ना," नूपुर म्हणाली. तिचा आवाज तिलाच दुसऱ्याचा वाटला.

"असंच बरं वाटतं."

त्यानं एक हात टेबलावर टेकवला आणि दुसऱ्या हातानं पन्ह्याचा ग्लास उचलला. ग्लास त्याच्या ओठांपासून वीतभर दूर होता. नूपुरनं ताटाकडे पाहिलं, मिठाकडे पाहिलं, मग पुन्हा वर पाहिलं. ग्लास तेवढाच दूर होता. पन्हं अर्धं झालं होतं.

तिला लेख आठवला. आतल्या खोलीत लॅपटॉप उघडाच होता. शेवटच्या रकान्यातला एकच शब्द खोडायचा होता, ‘फक्त’. तो खोडला की पुढे लिहावं लागणार होतं, आणि ते लिहिलं की माणसं येणार, दार उघडणार, पलंगावरचं ते उचलणार. मग आत्याला दिवसभर कुणाचंच ताट वाढायचं उरणार नव्हतं.

"आत्या," ती हळू म्हणाली, "त्याचा अंगठा..."

यमुताईनं टेबलावरच्या त्या हातावर आपला हात ठेवला. अंगठा पूर्ण झाकेल असा. हात तिनं काढला नाही.

"मीच पट्टी बांधली होती वं त्याले," ती म्हणाली. "महिनाभर. मले माहीत नसन काय?"

आणि दुसऱ्या हातानं तिनं नूपुरच्या ताटात भात वाढला, वर गोळा कुस्करला, तेल घातलं.

तेवढ्यात वीज गेली. डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला. गल्लीतले कूलर एकेक करून गप्प झाले. वंदनाताईंच्या घरातलं टीव्हीचं बोलणं मध्येच तुटलं.

टेबलाशी गुणगुण चालू राहिली. खालच्या पट्टीत, एका सुरात. पन्ह्याच्या तांब्यावर बारीक थरथर उमटली.

नूपुरनं ताटावरून मान वर केली नाही.

"ऐकत नको बसू," यमुताई मायेनं म्हणाली. "जेव. भात थंडा होऊन राहिला."

नूपुरनं घास उचलला.